व्हँकुव्हरची पानं

४ सप्टेंबर
हेस्टिंग्ज पार्कची जत्रा उठली, म्हणून निवांत हिंडता आलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, सरकारने इथल्या गोठ्याच्या इमारतीत जपानी वंशाच्या बायका-मुलांना कोंडलं होतं. जनावरांच्या एकेका खणात एकेक कुटुंब, आडोशाला लटकवलेली ब्लँकेटं आणि काही केल्या न जाणारा शेणामुताचा वास. किनाऱ्यावरून सुमारे बावीस हजार माणसं उठवली, हजारोंना छावण्यांत धाडलं. बहुतेक जण कॅनडाचेच नागरिक, कितीतरी इथेच जन्मलेले.

७ सप्टेंबर
१९०७ साली आजच्याच तारखेला गोऱ्यांच्या जमावाने चायनाटाउनच्या काचा फोडल्या आणि मोर्चा पॉवेल स्ट्रीटकडे वळवला. तिथल्या जपान्यांनी काठ्या-बाटल्या घेऊन त्यांना पिटाळलं. वाचून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? पण पुढच्याच वर्षी कॅनडा आणि जपानमध्ये करार झाला, जपानी मजुरांना वर्षाला फक्त ४०० पासपोर्ट. ज्यांच्यावर हल्ला, त्यांनाच दंड!

१० सप्टेंबर
स्टॅन्ली पार्कात पहिल्या महायुद्धातल्या जपानी कॅनेडियन सैनिकांचं स्मारक आहे. इथे ब्रिटिश कोलंबियात भरती करून घेईनात, म्हणून ही पोरं अल्बर्टात जाऊन फौजेत शिरली. ५४ जण कामी आले. स्मारकावरचा दिवा १९४२ साली विझवला, तो १९८५ साली पुन्हा पेटला.
इथल्याच बंदरातून जुलै १९१४ मध्ये आपल्या भारतीय लोकांना घेऊन आलेली 'कोमागाता मारू' (जहाज जपानी बरं का) 'रेनबो' या युद्धनौकेच्या धाकात परत धाडली. महिनाभरात महायुद्ध पेटलं आणि त्याच 'रेनबो'च्या मदतीला, किनारा राखायला आली जपानची युद्धनौका 'इझुमो'!

१३ सप्टेंबर, स्टीव्हस्टन
कोळ्यांचं गाव. जपान्यांच्या साधारण बाराशे बोटी इथून आणि सगळ्या किनाऱ्यावरून जप्त झाल्या. युद्धात बोटी अडकवल्या, हे एक वेळ समजू शकते. पण घरं, शेतं, दुकानं मालकाला न विचारता का विकली? वर त्या पैशातून त्यांच्याच छावणीतल्या पोटापाण्याचा खर्च वळता केला. युद्ध १९४५ ला संपलं, किनाऱ्यावर परतायची मुभा मात्र १ एप्रिल १९४९ पासून. मला तरी यात सुरक्षेपेक्षा मासळीचा आणि जमिनीचा वास येतो.
१९८८ मध्ये सरकारने माफी मागितली, प्रत्येकी २१ हजार डॉलर दिले. तेही तेव्हा हयात असणाऱ्यांनाच. मुलाला हे सांगितलं, तर म्हणाला, "आई, तेवढ्यात इथे गाडी लावायची जागा तरी येईल का, शंकाच आहे."