पडणे आणि उतरणे

मराठीत ‘पडणे’ या क्रियापदाला विश्रांती म्हणून नाही. पाऊस पडतो, थंडी पडते, बाजारभाव पडतात, प्रश्न पडतात. वर्गात हे क्रियापद शिकवताना माझी रसवंती अशी काही सुटते की, तास संपल्याची घंटा शिपायाला दोनदा द्यावी लागते!

निलंगा ही माझी सासुरवाडी. २५ मे २०१७ रोजी दुपारी मेहुण्याचा फोन आला, “दाजी, इथं मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर पडलंय. सगळे सुखरूप हैत.”

मी विचारले, “आत कोण कोण होतं?” सौभाग्यवतींनी फोन माझ्या हातून काढून घेतला आणि विचारले, “पडलं कुठं?”

वर्तमानपत्रांनी माझाच प्रश्न विचारला. पण खरा प्रश्न तिचा होता. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ती निलंग्यात शाळकरी पोर होती. त्या भागात ‘पडलं’ म्हटले की दगडामातीच्या भिंती आठवतात. शिवाय हे यंत्र वस्तीलगतच आले होते. खालच्या माणसांनी काही विमानाचे तिकीट काढलेले नसते!

घडले ते असे. देवेंद्र फडणवीस दौरा आटोपून मुंबईकडे निघाले होते. निलंग्याहून हेलिकॉप्टर उठले आणि लगेच वारा दिशा बदलू लागला. वैमानिकाने परत उतरायचे ठरवले. उतरताना यंत्र तारांत अडकले आणि खाली आदळले. तेव्हाचे अधिकृत निवेदन एवढेच सांगत होते. आत चार प्रवासी आणि दोन वैमानिक. सहाही जण वाचले.

यंत्र सिकोर्स्की कंपनीचे, दोन इंजिनांचे. सामान्य वाचकाला वाटते, दोन इंजिने असली की झाले. पण हेलिकॉप्टर उभे असते ते हवेवर. वरची पाती हवा खाली लोटतात, तेव्हा ते वर राहते. मे महिन्याच्या उन्हात हवा तापून विरळ होते आणि त्याच पात्यांना कमी आधार मिळतो. त्यात वारा फिरला, तर जमिनीजवळ सावरायला ना उंची असते ना वेळ. उंचावर इंजिने बंद पडली तरी, खालून येणाऱ्या हवेने पाती फिरती ठेवून यंत्र उतरवता येते. थोड्या उंचीवर ती सोय नाही. आणि तारा! वरून त्या दिसतच नाहीत. म्हणून तर काही हेलिकॉप्टरांच्या नाकाशी तारा कापणारी पाती बसवलेली असतात. आमच्या तालुक्याच्या गावांत आकाश मोकळे असते ते कवितेत. एरवी ते विजेच्या तारांनी विणलेले.

दुसऱ्या दिवशी मथळ्यांत ‘कोसळले’ आले. माझ्यातला मास्तर अस्वस्थ झाला. कोसळते ती दरड. तिला कोणी चालवत नसते. इथे एका माणसाने काही क्षणांत निर्णय घेतला होता, “पुढे नको, खाली.” तारांनी तो निर्णय बिघडवला, हे खरे, पण ‘कोसळले’ म्हटले की तो माणूस वाक्यातून नाहीसाच होतो.

हे मी घरी समजावून सांगितले. सौभाग्यवतींनी ऐकून घेतले आणि पुन्हा भावाला फोन लावला. तारेखालच्या त्या घरांत कुणाकुणाची लेकरे होती, हे तिला अजून कळायचे होते.