मुक्या जनावराचें मौन आणि माणसाचें

कायद्याच्या पुस्तकांत घोडा वारंवार भेटतो. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमांतील सतराव्या कलमाखालीं दृष्टांतादाखल जो घोडा उभा केला आहे, तो तर दीडशें वर्षांत तेथून हललेला नाहीं. एक मनुष्य आपला घोडा लिलावांत दुसऱ्यास विकतो. घोड्यांत खोड आहे हें विकणाऱ्यास पक्कें ठाऊक असतें. पण तो त्याविषयीं अक्षरहि बोलत नाहीं. कायदा म्हणतो, हें कपट नव्हे. मात्र विकत घेणारी त्याची स्वतःची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेंच खोड सांगणें हें त्याचें कर्तव्य ठरतें. आणि घेणाऱ्यानें जर आधींच बजावलें असेल कीं, तुम्ही नकार दिला नाहीं तर घोडा निर्दोष आहे असें मी धरून चालेन, तर मग विकणाऱ्याचें गप्प राहणें हें बोलण्यासारखेंच मानलें जाईल. विद्यार्थिदशेंत आम्ही हे दृष्टांत परीक्षेपुरते पाठ केले होते. पुढें वकिलींत वीस वर्षें गेल्यावर त्यांचें खरें वजन आम्हांस कळलें. कारण आमच्या भागांत घोड्याच्या जागीं गाय उभी राहते, आणि तिची खोड डोळ्यांना दिसणारी नसते.

आम्ही राहतों तें नौबाद बीदरला अगदीं लागून आहे. एका घरांत मराठी, दुसऱ्यांत कन्नड, तिसऱ्यांत उर्दू, आणि बाजारांत तिन्ही, अशी येथील रीत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनें सरहद्द आंखली, पण गुरांना ती ठाऊक नाहीं. देवणी जातीच्या गाईला मूळ नांव मिळालें तें लातूर जिल्ह्यांतील देवणीवरून. परंतु बीदरच्या गोठ्यांतहि ती तितक्याच हक्कानें उभी असते. वानेरा, बाळंक्या, शेवरा हे तिचे प्रकार येथील शेतकरी अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या रंगावरून दुरून ओळखतो. नौबादेंत बहामनी काळांत खोदलेली कारेझ आहे. जमिनीखालून वाहत जाणारें तें पाणी वरून चालणाऱ्यास दिसत नाहीं. ठिकठिकाणच्या विहिरींतून डोकावलें म्हणजेच तें आहे असें कळतें. ज्या रोगाविषयीं आम्ही लिहिणार आहों, त्याची चाल अशीच भूमिगत आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं एक शेतकरी गृहस्थ पत्नीसह आमच्याकडे आले. त्यांनीं बाजारांतून दुसऱ्या वेताची गाभण देवणी गाय विकत घेतली होती. सौदा नेहमींच्या पद्धतीनें, रुमालाखालीं बोटें दाबून झाला. हेडी बोलला तें किंमतीपुरतें, आणि मूळ मालक तर तेवढेंहि बोलला नाहीं. सातव्या महिन्यांत गाय गाभडली. वार पडेना, म्हणून घरच्या बाईनें उघड्या हातांनीं ती ओढून काढली, गोठा धुतला, मेलेलें वासरूं उचलून टाकलें. महिन्या-दीड महिन्यानें बाईस ताप येऊं लागला. संध्याकाळीं चढावा, पहांटे घामानें अंथरूण भिजावें, चार दिवस बरें वाटावें आणि पुन्हां चढावा. कंबर व सांधे इतके दुखूं लागले कीं, जात्यापाशीं बसवेना. हिंवताप झाला, विषमज्वर झाला, क्षयाचीहि शंका घेऊन झाली. अखेर एका डॉक्टरांनीं दुसऱ्या कोणीं न विचारलेला प्रश्न विचारला : 'घरीं गुरें आहेत कां? त्यांत कोणी गाभडलें होतें कां?' रक्त तपासलें, आणि रोगाचें नांव निघालें ब्रूसेलोसिस. सहा आठवडे दोन औषधें एकत्र घेतल्यावर बाई उठून बसली. गाईचें रक्तहि पशुवैद्यांनीं तपासलें. तेंहि तसेंच निघालें. आतां त्या गृहस्थांस विकणाऱ्यावर दावा लावावयाचा होता.

या रोगाचा शोध हाच मुळीं एक मोठा खटला आहे, आणि त्यांतला मुख्य साक्षीदार मुका आहे. माल्टा बेटावरील इंग्रज शिपाई वर्षानुवर्षें एका चिवट तापानें अंथरुणास खिळत. १८८७ सालीं डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरानें मृत शिपायांच्या प्लीहेंतून त्या तापाचा सूक्ष्म जंतु वेगळा काढला. जंतु सांपडला; पण तो शिपायांच्या पोटांत कोठून येतो, हें कळण्यास आणखी अठरा वर्षें लागलीं. हवा, पाणी, डांस, गटारें यांची झाडाझडती घेऊन झाल्यावर १९०५ सालीं थेमिस्टोक्लीस झामित या माल्टाच्याच डॉक्टरानें शेळ्यांचें रक्त तपासलें. शेळ्या तर धडधाकट होत्या. त्या दारोदार हिंडवून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देण्याची तेथें चाल होती. याहून शुद्ध दूध तें कोणतें, असें प्रत्येकास वाटे. त्याच शेळ्यांच्या रक्तांत रोगाची खूण मिळाली आणि दुधांत खुद्द जंतु मिळाला. १९०६ सालीं लष्करानें शेळीचें दूध बंद केलें आणि छावणींतील ताप जवळजवळ नाहींसा झाला. गांवकरी मात्र तें दूध पीतच राहिले आणि आणखी कित्येक वर्षें आजारी पडत राहिले.

तिकडे डेन्मार्कमध्यें बर्नहार्ड बांग यांनीं १८९७ सालीं गाई गाभडविणारा जंतु शोधला होता. शेळीचा जंतु आणि गाईचा जंतु हे सख्खे भाऊबंद आहेत, ही गोष्ट वीस वर्षें कोणाच्या लक्षांत आली नाहीं. १९१८ सालीं अमेरिकेंतील ॲलिस इव्हान्स या संशोधक बाईनें ती दाखवून दिली, आणि गाईचें कच्चें दूधहि माणसास बाधूं शकेल असा इशारा दिला. डॉक्टरेट नसलेल्या एका स्त्रीचें हें म्हणणें मोठमोठ्या पंडितांनीं झिडकारलें. १९२२ सालीं प्रयोगशाळेंत काम करतांना त्याच जंतूनें त्यांना गांठलें आणि पुढें अनेक वर्षें तो ताप त्यांच्या मागें लागला. पंडितांनीं मान्य केलें, परंतु तें सावकाश.

आपल्याकडेहि या विद्येचा पाया जुना आहे, आणि तो महाराष्ट्रांतच घातला गेला, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. गुरांच्या रोगजंतूंचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा ९ डिसेंबर १८८९ रोजीं पुण्यांत सुरू झाली. १८९३ सालीं ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. तीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. आणि आमच्या दाराशीं, बीदरच्या नंदिनगरांत, २००४ च्या कायद्यानें स्थापन झालेलें कर्नाटकाचें पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. नंदीच्या नांवाच्या वस्तींत गुरांची विद्या शिकविली जावी, हा योग आम्हांस फार गोड वाटतो.

पशुवैद्यांच्या कामांतील एक साधी परीक्षा आम्हीं कुतूहलानें पाहिली आहे. मेलेल्या ब्रूसेला जंतूंना रंग देऊन त्यांचा एक-दोन थेंब नळींतील दुधांत टाकतात आणि नळी कांहीं वेळ उबेंत ठेवतात. दूध निर्दोष असेल तर वर पांढरी साय येते आणि खालीं रंग राहतो. दुधांत रोगाची खूण असेल तर रंगीत जंतु सायीला बिलगून वर चढतात आणि नळीच्या तोंडाशीं रंगाचें कडें उमटतें. गाय बोलत नाहीं. पण दुधाला बोलतें करतां येतें. ही परीक्षा प्राथमिक खरी. निकाल पक्का करण्यास रक्ताची तपासणी लागते. तरी एवढ्याशा खर्चांत अख्ख्या गांवाच्या दुधाची पहिली चौकशी होऊं शकते.

उपाय काय? कित्येक देशांनीं तपासणींत दोषी ठरलेलीं जनावरें मारून टाकून रोग निपटला. आपल्या समाजाच्या मनास तो मार्ग मानवणारा नाहीं, आणि औषधानें गाय हमखास बरी करतां येत नाहीं. कारण हा जंतु शरीराच्या पेशींच्या आंत दडून बसतो. मग लस हाच मुख्य आधार. तिची कथा मोठी मजेची आहे. १९२३ च्या सुमारास अमेरिकेंत जॉन बक यांच्या प्रयोगशाळेंत ब्रूसेला जंतूचें एक रोपण वर्षाहून अधिक काळ साध्या खोलींत तसेंच पडून राहिलें. पुढें पाहतात तों त्याची मारकशक्ति गेलेली, पण शरीरास सावध करण्याची शक्ति शाबूत! एकोणिसाव्या क्रमांकाचा तोच वाण आजहि लस म्हणून वापरतात. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला ही लस जन्मांत एकदांच टोंचतात. गाभण गाईला नाहीं आणि गोऱ्ह्यालाहि नाहीं. सप्टेंबर २०१९ मध्यें मथुरेंत आरंभ झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत लाळ्या-खुरकुतीबरोबर या लसीचाहि समावेश झाला. तरी अडचण अशी कीं, लाळ्या डोळ्यांना दिसतो म्हणून शेतकरी स्वतः धांवत येतो; धडधाकट कालवडीस सुई कशाला, हें त्यास पटवावें लागतें.

आतां पुन्हां त्या गृहस्थांच्या दाव्याकडे वळूं. आम्हीं त्यांस कायदा समजावून सांगितला. विकणाऱ्यास रोग ठाऊक होता, हें सिद्ध करणें अवघड. आणि ठाऊक असलें तरी तुम्हीं विचारलें नाहीं, त्यानें सांगितलें नाहीं, म्हणजे तो १८७२ चा घोडा पुन्हां आडवा येणार. ते कांहीं वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, 'बरं वकीलसाब, खटला ऱ्हाऊ द्या. आता ह्या गायीला कुनाला इकू, तेवढं सांगा.'

त्या प्रश्नानें आम्हीं चमकलों. ज्या मौनानें ते नाडले गेले होते, तेंच मौन ते दुसऱ्याच्या गळ्यांत घालावयास निघाले होते. आणि त्यांत दुष्टपणा नव्हता, केवळ कर्ज होतें. आम्हीं त्यांस २००९ चा कायदा दाखविला. जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयींच्या या अधिनियमाच्या परिशिष्टांत ब्रूसेलोसिसचें नांव आहे. रोगाची शंका येतांच मालकानें गांवच्या अधिकाऱ्यास कळवावें, जनावर वेगळें बांधावें, तें बाजारांत नेऊं नये, अशी त्यांत आज्ञा आहे. जुन्या कायद्यानें गप्प राहणाऱ्यास मोकळें सोडलें होतें. नव्या कायद्यानें या एका बाबतींत बोलणें हें कर्तव्य केलें. पण कायदा ऐकूनहि त्या गृहस्थांची मान हलेना. तेव्हां इतका वेळ भिंतीशीं बसलेली त्यांची पत्नी बोलली : 'माज्यावर जे गेलं ते दुसऱ्या बाईवर नगं. ऱ्हाऊ द्या तिला आपल्याच दावनीला.' गाय विकली गेली नाहीं. पशुवैद्यांच्या सल्ल्यानें ती शेताच्या दुसऱ्या टोंकास वेगळी बांधली. पुन्हां फळविली नाहीं. नुकसान झालें तें झालें, आणि शेजाऱ्यांनीं वेड्यांत काढलें तेंहि त्यांनीं सोसलें.

सरतेशेवटीं आमच्या वाचकांच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट. आपल्या घरांत दूध तापविल्याशिवाय चुलीवरून उतरत नाहीं. ही आपल्या गृहिणींची पुण्याई आहे. ६३ अंशांवर अर्धा तास किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद एवढी उष्णता या जंतूस पुरते. उकळीपुढें तर तो टिकतच नाहीं. खरवसहि वाफेवर शिजतो. पण दोन ठिकाणीं आपण कच्चें दूध आदरानें पितों : एक तालमींतलें धारोष्ण दूध आणि दुसरें देवळांतील पंचामृत. अभिषेकासाठीं दहा घरचें दूध एका घागरींत येतें. त्यांत एक गाय बाधित असली तरी प्रत्येक तळहातावर तिचा अंश पडतो. दूध विरजलें म्हणून जंतु मेलाच, असाहि भरंवसा धरतां येत नाहीं.

आम्ही ज्या देवस्थानाचें कायद्याचें काम पाहतों, तेथील बैठकींत हा विषय आम्हीं मांडला. 'आजवर कोणाला काय झालें?' असा प्रश्न लगेच आला. त्यावर आम्हीं म्हटलें कीं, हा ताप आठवड्यांनीं, कधीं महिन्यांनीं येतो. तेव्हां उत्सवांतल्या एका चमचाभर तीर्थाची आठवण कोण ठेवणार? तक्रार न येणें म्हणजे निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे. वयोवृद्ध गुरुजी हें सारें ऐकून शांतपणें म्हणाले कीं, अभिषेकाचें दूध आजवर होतें तसेंच राहूं द्या, तें झाडांना घालूं. हातावर द्यावयाचें पंचामृत तापवून निवविलेल्या दुधाचें निराळें करूं. वाद तेथेंच मिटला. पुढल्या महिन्यापासून तसें होऊं लागलें, आणि प्रसादाची गोडी उणी झाल्याचें कोणीं म्हटलेलें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

गाईस माता म्हणणाऱ्या समाजावर करार कायद्याचा दुसरा दृष्टांत लागू पडतो, असें आम्हांस वाटतें. तेथें बोलण्याचें कर्तव्य नात्यांतून निर्माण होतें. गाईशीं, तिचें शेण-पाणी काढणाऱ्या बाईशीं आणि तिचें दूध पिणाऱ्या परक्या लेंकराशीं आपलें नातें आहे, असें जर आपण खरोखर मानीत असूं, तर गाय गाभडली हें लपवितां येणार नाहीं. कालवडीस लस टोंचून घ्यावी, वार उघड्या हातांनीं काढूं नये, गाभडलेलें वासरूं चुना घालून खोल पुरावें, ताप रेंगाळल्यास डॉक्टरांस गोठ्याची हकीकत आपण होऊन सांगावी, आणि सौदा करतांना खरें तें बोलावें. गाय आपली व्यथा सांगूं शकत नाहीं. तिच्या वतीनें बोलण्याचें वकीलपत्र सनदेवांचून प्रत्येक गोठ्याच्या मालकाकडे आलेलें आहे.