बापाच्या नावावर

याची तुमची ओळख असेलच, नसेल तर करून देतो. हा सुपरहिरोच्या सिनेमावर निघालेला व्हिडिओ गेम. सिनेमाच्या पोस्टरवर जो चेहरा, तोच याच्या डब्यावर. स्वतःचं कर्तृत्व विचारलंत तर हा आधी त्या पोस्टरकडे बोट दाखवणार आणि मग बापानं पहिल्या आठवड्यात किती कोटी कमावले ते सांगणार. समीक्षकांचं आणि याचं जन्मापासून वाकडं. जळगावजवळच्या जामनेरच्या पोरांचं मात्र याच्याशी बरं जमायचं. म्हणजे शिव्या तीही घालायचीच, पण घालता घालता अजून एक तास वाढवून मागायची.

जामनेरला हा आला तो डब्याशिवायच. जळगावला कॉलेजात जाणाऱ्या कुणाच्या तरी दप्तरातून, एसटीनं. कोऱ्या सीडीवर मार्करनं लिहिलेलं 'स्पायडरमॅन २', आणि पाकिटात चिठोऱ्यावर खरडलेला सीरियल नंबर. हे चोरीचं आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही. दुकानात विकत मिळतो हेच मुळात माहीत नव्हतं. सायबर कॅफेतल्या त्यातल्या त्यात बऱ्या मशीनवर याला उतरवलं जायचं. एक जण माउस धरून बसायचा आणि चौघं खुर्चीमागे उभे राहून अक्कल पाजळायचे. पैसे एकाचे, मतं पाचांची.

दहा मिनिटं होत नाहीत तोच मागून आवाज यायचा, "काय भो, हा इथंच का चिकटतो? त्या बिल्डिंगला मार ना जाळं!" मारणार कसं? पडद्यावर ठरावीक जागी खुणा दिसायच्या. त्यांच्यावर क्लिक केलं तरच जाळं लागायचं. बाकीचं न्यूयॉर्क नुसतं बघायला ठेवलेलं.

आता याची खरी लबाडी ऐका. २००४ च्या जूनअखेरीस, सिनेमाच्याच आठवड्यात, 'स्पायडरमॅन २' नावाचे दोन वेगळे गेम बाजारात आले. प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवरचा ट्रेयार्क कंपनीनं बनवलेला. त्यात अख्खं मॅनहॅटन मोकळं होतं आणि जाळं खरोखरच्या इमारतीला लागायचं. इमारत नसेल तर लागायचं नाही, आपटायचात. झोका घेताना वेग कसा वाढतो, कुठल्या क्षणी सोडलं म्हणजे उंच फेकले जाल, हे सगळं हाताला शिकावं लागायचं. जेमी फ्रिस्ट्रम नावाच्या माणसानं ही झोक्याची करामत जमवली आणि समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतलं. सिनेमाच्या गेमला एवढी दाद मिळायची सवय नव्हती, त्यामुळे कौतुकात थोडा अचंबाही होता. कॉम्प्युटरवरचा गेम मात्र फिझ फॅक्टर नावाच्या दुसऱ्याच मंडळींनी, लहान मुलांसाठी म्हणून बनवलेला. नाव तेच, चेहरा तोच, आत सगळं निराळं. समीक्षकांनी त्याला झोडपला. आपल्याकडे अर्थात हाच आला, कारण प्लेस्टेशन कुणाच्या घरी होता? नेटवर कौतुक वाचायचं एकाचं आणि खेळायचा दुसराच. पण मला मौज वाटते ती त्या खुर्चीमागच्या चौघांची. एकही परीक्षण न वाचता त्यांनी जे दोष काढले, नेमके तेच दोष इंग्रजीत छापून आले होते.

घाई हा याचा पिढीजात आजार. सिनेमाची तारीख वर्ष-वर्ष आधी ठरते आणि त्या तारखेला याला उभं राहावंच लागतं, पायात जोडे असोत नसोत. बरा गेम करायला दोन-तीन वर्षं लागतात. याला मिळतं त्याहून कमी, वर पटकथा मधेच बदलते, आणि गुपित फुटू नये म्हणून बनवणाऱ्यांना अर्धंच सांगितलेलं असतं. नायकाचं नाव वापरण्याच्या परवान्यातच मोठी रक्कम गेलेली. याच्या भावकीतला एक थोरला म्हणजे १९८२ चा 'ई.टी.'. सुपरहिरो नव्हे, पण घराणं तेच. ॲटारी कंपनीनं नाताळ गाठायचा म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांच्याकडून तो पाच आठवड्यांत लिहून घेतला. न खपलेली गेमची कार्ट्रिजं शेवटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरली, आणि २०१४ मध्ये एका माहितीपटासाठी ती उकरून काढली. पुरलेलाही सुखानं राहू दिला नाही.

बरं, घाई न करताही याचं भलं होत नाही. 'सुपरमॅन रिटर्न्स' सिनेमा आला जून २००६ मध्ये आणि गेम, अजून नीट करू म्हणून थांबवलेला, उगवला नोव्हेंबरात. वऱ्हाड जेवून कधीच घरी गेलं होतं. शिवाय या गेमची अडचण वेगळीच होती. सुपरमॅनला काही होतच नाही, मग हरायचं कसं? बनवणाऱ्यांनी तोड काढली: सुपरमॅनला नव्हे, शहराला जीव दिला. मेट्रोपोलिसची पडझड फार झाली की तुम्ही हरलात. कल्पना मला तरी आजही हुशारीची वाटते. पण शेवटचा मोठा शत्रू म्हणून समोर आलं काय, तर चक्रीवादळ. जगातला सगळ्यात बलाढ्य माणूस फुंकर मारून वावटळ शांत करतोय आणि खेळ संपला. समीक्षकांनी त्यावर जे तोंडसुख घेतलं, त्यात त्यांची चूक नाही.

समीक्षकांना हा मनातून टरकून असतो. २००१ पासून मेटाक्रिटिक नावाची एक व्यवस्था आहे, ती सगळ्यांची परीक्षणं गोळा करून शंभरातले मार्क काढते. याच्या वर्गातले बरेच जण पन्नाशीच्या आसपास घुटमळणारे. म्हणून बरेचदा हा परीक्षणांच्या आधी दुकानात पोचायची व्यवस्था करतो. मार्क लागेपर्यंत आईबापांनी पोराच्या वाढदिवसाला डबा घेऊनही टाकलेला असतो, आणि आईबाप परीक्षणं वाचत नाहीत, चेहरा ओळखतात.

सेगाच्या 'आयर्न मॅन'चंच घ्या. मे २००८. सिनेमाला टाळ्या, गेमला टपल्या. रॉबर्ट डाउनी ज्युनिअरनं स्वतः आवाज दिला होता, हा त्याचा मोठा तोरा. पण उडायची बटणं अशी काही बांधली होती की लोखंडी सूट घालून माणूस आकाशात भेलकांडायचा. तरीही दुसरा भाग निघालाच, आणि तो २०१० मध्ये बाजारात यायच्या सुमाराला तो बनवणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टुडिओलाच कुलूप लावायचं ठरलं. सिनेमाच्या पार्ट्यांचे फोटो सगळे बघतात, या पोरांच्या नोकऱ्यांची बातमी आतल्या पानावर.

जामनेरचे मार्क वेगळ्या हिशेबानं पडायचे. पहिला प्रश्न: हा ग्राफिक्स कार्ड मागतो का? मागत असेल तर सुपरहिरो असो नाहीतर देव, नापास. दुसरा प्रश्न त्याहून कडक: मधेच सेव्ह करू देतो का? ती भारनियमनाची वर्षं. लाइट कधी जाईल याचं वेळापत्रक महावितरणकडे होतं, पण लाइटीला ते माहीत नसावं. शेवटच्या शत्रूशी मारामारी रंगात यायची आणि टेबलाखालचा यूपीएस पीं-पीं करू लागायचा. गेमवाला भाऊ काउंटरवरून ओरडायचा, "पाच मिनिटं आहेत, सेव्ह करा!" आणि हा पठ्ठ्या मिशन संपल्याशिवाय सेव्हच करू द्यायचा नाही. जग वाचवायला निघालेला नायक, आणि याला पाच मिनिटांची कदर नाही. एकाही परदेशी समीक्षकानं हा दोष लिहिलेला माझ्या वाचनात नाही.

याचं सगळंच वाईट म्हणणं अन्यायाचं होईल. २००९ चा 'वुल्व्हरीन' बघा. सिनेमा आणि गेम एकाच दिवशी, १ मे रोजी. सिनेमा बेताचा निघाला आणि गेमनं बापाला मागं टाकलं. रेव्हन सॉफ्टवेअरच्या लोकांनी एक गोष्ट मनापासून केली: वुल्व्हरीनला जखम झाली की मांस फाटलेलं दिसायचं, आणि तुमच्या डोळ्यांदेखत ते हळूहळू भरून यायचं. त्या पात्राचं जे मर्म, ते कागदावर सांगत बसण्याऐवजी हातात दिलं. समीक्षकांनी हे बरोबर हेरलं. मुलाचं कौतुक करताना बापाला टोमणा मारायची संधीही त्यांनी सोडली नाही.

आपल्याकडचा चुलतभाऊ म्हणजे 'रा.वन'. याची कुंडलीच गमतीची. सिनेमा गेमवर, आणि गेम सिनेमावर. सिनेमात शाहरुख खान गेम बनवणारा, त्याचा मुलगा खलनायकावर फिदा, म्हणून बाप हरवता न येणारा खलनायक बनवतो आणि तो पडदा फोडून बाहेर येतो. २०११ च्या दिवाळीत सिनेमा आला. त्याआधी थोडे दिवस मुंबईच्या ट्राइन स्टुडिओनं बनवलेला गेम सोनीनं प्लेस्टेशन ३ वर आणि प्लेस्टेशन २ वरही आणला. इतर देशांत प्लेस्टेशन २ केव्हाच माळ्यावर गेला होता. २००० चं यंत्र ते. पण आपल्याकडे परवडणारा तोच. चोरीच्या डिस्क चालाव्यात म्हणून चिप मारलेला सेकंडहँड पीएस टू गावोगावी पोचला होता आणि त्याच्यावर अजून तासाचे पैसे सुटत होते. या एका गोष्टीत तरी 'रा.वन'नं गिऱ्हाईक ओळखलं होतं.

गोम एवढीच की बापानं, म्हणजे सिनेमानं, गेमची हवाच इतकी केलेली. पडद्यावर जो गेम दिसला, त्यात माणूस अंगानिशी शिरतो. तो बघून घरी येऊन पीएस टू लावायचा म्हणजे पोराची फसगत ठरलेलीच. मुलाला वाढदिवसाचे कपडे घ्यायच्या आधी बापानं गावभर सांगून ठेवावं की जरीचे आहेत, तशातली गत. त्याच्या आधी, २००८ मध्ये, हैदराबादच्या एफएक्सलॅब्सनं 'गजनी'वर कॉम्प्युटरचा गेम काढला होता. मग 'क्रिश ३' आला २०१३ मध्ये, तोवर हा मोबाइलमध्ये जाऊन बसला होता. या तिघांवर लिहायला आपल्याकडे समीक्षक होते तरी किती? मोजके, आणि तेही इंग्रजीत. मराठीत सिनेमाचं परीक्षण दर शुक्रवारी यायचं, गेमचं कधीच नाही. याला शिव्या द्यायलासुद्धा मराठीत कुणी कॉलम ठेवला नाही, आणि दुर्लक्षाचा राग याला झोडपण्याहून जास्त येत असावा.

खानदेशाच्या वेशीवरच्या मालेगावनं खरं तर स्वतःचा सुपरमॅन काढला होता. नासिर शेख यांचा तो सिनेमा, आणि तो बनताना फैजा अहमद खान यांनी केलेला माहितीपट. यंत्रमागावर काम करणारा काटकुळा शफीक त्यात सुपरमॅन. उडण्यासाठी काय काय खटपटी कराव्या लागल्या ते माहितीपटात बघाच. त्याच्यावर गेम काढायची बुद्धी कुणाला झाली नाही. झाली असती तर शक्तीचा प्रश्न तरी सुटला असता: या सुपरमॅनला दर पावलाला काहीतरी होतंय, हरायची शंभर कारणं आहेत, आणि जाळपोळीतून वाचवायला शहर आपल्या ओळखीचं आहे. असो.

याचा अंतही चमत्कारिक. हा जुना होत नाही, रद्द होतो. परवान्याची मुदत संपली की ऑनलाइन दुकानातून नाव काढून टाकतात. ॲक्टिव्हिजनचे स्पायडरमॅनचे गेम असेच गेले. २०१४ च्या 'द अमेझिंग स्पायडरमॅन २' नंतर सिनेमासोबत मोठा गेम काढायची रीतच मोडत गेली. २००९ मध्ये 'बॅटमॅन: अर्कहॅम असायलम'नं कुठल्याही सिनेमाचा हात न धरता समीक्षकांना जिंकलं होतं, कंपन्यांना कळलं की बाप नसला तरी चालतं, वेळ दिला पाहिजे. २०१८ चा इन्सोम्नियाकचा 'स्पायडरमॅन' त्याच वाटेनं आला आणि भरघोस मार्क घेऊन गेला.

आणि तरी बघा लोक कसे. त्या नव्या, गुणी गेममध्ये झोका कसा आहे हे सांगताना कित्येकांनी २००४ च्या त्या जुन्याचंच नाव काढलं. वर हट्ट धरला की आम्हाला सॅम रायमीच्या त्या जुन्या स्पायडरमॅन सिनेमांतला पोशाखच हवा. इन्सोम्नियाकच्या मागे लागून लागून शेवटी २०१८ च्या डिसेंबरात तो फुकट मिळवला. २०२२ मध्ये हा गेम कॉम्प्युटरवर आला, आणि तेव्हाच्या खुर्चीमागच्या चौघांपैकी एकानं, आता पुण्यात नोकरीला असलेल्यानं, हप्त्यावर मशीन घेऊन तो रीतसर विकत घेतला. पहिल्याच दिवशी रायमीचा पोशाख चढवून तो कुठल्याही बिल्डिंगला जाळं मारत सुटला, आणि अर्ध्या तासात त्याचा जामनेरला फोन: सगळं आहे भो, पण जुन्या प्लेस्टेशनवाल्यात म्हणे घड्याळ लावून पिझ्झा पोचवायला लागायचा, ते यात का नाही?