बर्फाच्या पोटातील थर

माझ्या थोरल्या बंधूंचे बोहरी आळीत लोखंडी सामानाचे दुकान आहे. गेल्या माघात त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. त्यांच्या कन्येने फाल्गुनात हिमाचलातील एक बर्फाच्छादित खिंड ओलांडण्याचा बेत केला होता. "तू जन्मभर बँकेत लोकांना नाही म्हणत आलास, आता हिलाही सांग," दादा म्हणाले.

त्यांची भीती निराधार नव्हती. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे पथक द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात सापडले आणि 25 हून अधिक जण दगावले. प्रशिक्षक सोबत असताना ही स्थिती! फेब्रुवारी 2016 मध्ये सियाचीनवर 10 जवान गाडले गेले, त्यांत सातारा जिल्ह्यातील एक होता. हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी सुमारे 25 फूट बर्फाखालून जिवंत निघाले. पण तीन दिवसांत तेही गेले. दादांनी ही कात्रणे जपून ठेवली होती.

समजवायला गेलो मी, आणि समजावून सांगितले तिने. बर्फ एकसंध नसतो, प्रत्येक हिमवृष्टीचा वेगळा थर बसतो. निरभ्र, कडाक्याच्या थंडीत जुन्या बर्फाचे साखरेसारखे सुटे कण होतात. त्यावर नवा बर्फ पडून, वाऱ्याने दाबून घट्ट पाटा तयार होतो. वरून सारे शुभ्र आणि भक्कम. खाली मात्र आधार नाही. त्यावर एका माणसाचे वजन पडले तरी सारा पाटा सुटतो. साधारण 30 ते 45 अंशांचा उतार सर्वांत घातकी. अशा अपघातांत बहुतेक वेळा स्खलन सुरू होते ते सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच पावलाने.

मी गप्प झालो. नोकरीत असताना एका पेढीचे कर्जप्रकरण मी मंजूर केले होते. शेवटच्या तीन वर्षांचे ताळेबंद देखणे होते; त्याखालची एक जुनी, न वसूल झालेली उधारी मी वाचली होती आणि सोडून दिली होती. दीड वर्षात पेढी बसली. त्या घरातील वृद्ध गृहस्थ शाखेत येऊन माझ्यासमोर नुसते बसून राहिले होते. ते आजही डोळ्यांसमोर येतात.

मग मी तिला अधिकाऱ्यासारखे प्रश्न विचारले. नुकताच बर्फ पडला असेल तर? पहिले एक-दोन दिवस थांबायचे. पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला, बर्फावर भेग धावली तर? मागे फिरायचे. ऊन चढण्याआधी उतार ओलांडायचा, तोही एकेकाने. चंदीगडच्या संरक्षण संशोधन संस्थेचे इशारे रोज पाहायचे. आणि कोणी गाडले गेलेच तर? "काका, पंधरा मिनिटे. त्यानंतर आशा झपाट्याने कमी होते. बाहेरची मदत तेवढ्यात येत नाही, सोबत्यांनीच काढायचे." म्हणून प्रत्येकाजवळ संकेत देणारे बीकन, बर्फात खुपसायची लांब जोडकांब आणि फावडे हवे.

"परत फिरायचा निर्णय कोण घेणार?" हा माझा शेवटचा प्रश्न. "कोणा एकाने नको म्हटले की सगळ्यांनी फिरायचे," ती म्हणाली. त्या अटीवर मी दादांकडे शिफारस केली. खरे सांगतो, त्या रात्री मला झोप लागली नाही.

आठव्या दिवशी तिचा फोन आला. दोन रात्री सतत बर्फ पडला होता, खिंडीखालच्या उतारावर भेग दिसली, ते खालच्या गावात उतरले होते. नको म्हणणारी तीच होती. दादांनी प्रथम देवघरात दिवा लावला आणि मग हिशेब काढला: भाडे, वाटाड्या, सामान, सारे पाण्यात.

ती परतल्यावर त्यांनी तिची पिशवी उघडली, दुमडता येणारे ॲल्युमिनियमचे फावडे हातात घेतले, तोलून पाहिले आणि किंमत विचारली. चाळीस वर्षे फावडी विकलेल्या माणसाला ती ऐकून बसावे लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "दांडा आखूड आहे. पुढच्या खेपेला मी बघून देतो."