घर देण्याआधी

प्रिय ताई,

मंदिराभोवतीच्या कॉरिडॉरमध्ये आपलं घर जाणारच असेल तर भरपाई घेऊन मोकळे का होत नाही, असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा नीट बोलता आलं नाही.

मंदिराभोवतीची गर्दी आवरत नाही, हे पंढरपुरात कुणीच नाकारत नाही. आषाढीला दर्शनबारी गोपाळपूरकडं जाते, प्रदक्षिणा मार्गावर माणूस माणसाला रेटतो. कुणी कोसळलं तर बाहेर काढायचं कसं, याची आम्हालाही धास्ती असते. रस्ते हवेत, संडास हवेत, चंद्रभागेला स्वच्छ पाणी हवं. नदीपलीकडं ६५ एकरात वारकऱ्यांच्या राहण्याची सोय झाली, तेव्हा गावाला हायसंच वाटलं.

पण आता कॉरिडॉरसाठी काशीचा दाखला देतात. डिसेंबर २०२१ मध्ये तिथला कॉरिडॉर खुला झाला, तो शेकडो मिळकती विकत घेऊन, पाडून. शनिवार-रविवारी मोटारीनं येऊन दोन तासांत परतणाऱ्याला तसं मोकळं आवार आवडेल. त्याच्यावर माझा राग नाही, तोही विठोबाचाच. पण वारकरी पर्यटक नव्हे, ताई. तो पंढरपुरात आपल्या माणसाकडं उतरतो.

परभणीकडची दिंडी आजोबांच्या वेळेपासून आपल्या माडीवर उतरते. वारीत आई स्वयंपाकघर तेवढं आपल्याकडं ठेवायची, बाकी घर त्यांचं. जाताना ते जमेल तेवढे पैसे देत, कुणी ज्वारी ठेवून जाई. तुझ्या लग्नात त्यांच्यातली चौघं पंगतीत वाढायला होती. माडीच पाडली तर ती माणसं उतरणार कुठं? भक्त निवासात खोली मिळेलही, पण तिथं त्यांना नावानं कोण ओळखणार?

आणि भरपाई घरमालकाला. खाली बुक्का, तुळशीच्या माळा, चुरमुरे विकणारा आपला भाडेकरू गाळ्याशिवाय काय करणार? त्याचं गिऱ्हाईक देवळाच्या वाटेवरचं. गावाबाहेर गाळा दिला तरी तिथं माळ घ्यायला कोण जाणार?

माझं म्हणणं एवढंच, की आधी नदी आणि संडास करा, अडचणीच्या जागी लागेल तेवढीच वाट रुंद करा, आणि पाडकामाचा नकाशा काढण्याआधी इथं राहणाऱ्यांना सोबत घेऊन बसा.

घराच्या उताऱ्यावर तुझंही नाव आहे. हरकतीचा अर्ज सोबत ठेवलाय. पटला तर सही करून पाठव. नाही पटला तर कार्तिकीला ये. दिंडीवाले माडीवर असतील, त्यांच्याशीही बोल, मग ठरवू.

तुझा,
नाना