खारपाणातल्या लेकी-सुना

वऱ्हाड म्हटले की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे पांढराशुभ्र कापूस, काळीभोर जमीन आणि पाहुण्याला जेवू घातल्याशिवाय उंबरठा ओलांडू न देणारी माणसे उभी राहतात. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण या सोन्याच्या मुलखाच्या ऐन मध्यात एक वाळवंट पसरले आहे, हे सांगितले तर कुणाला खरे वाटायचे नाही. आणि वाळवंट तरी कसे? तिथे वाळूचे डोंगर नाहीत, उंट नाहीत, खजुरीची झाडे नाहीत. पाऊस पडतो, पिके डोलतात, विहिरींना पाणीही लागते. फक्त ते पाणी माणसाच्या घशाखाली उतरत नाही. या वाळवंटात पिढ्यान् पिढ्या संसार मांडून बसलेल्या बायकांची ही हकीकत आहे.

तिकडे जायचे तर मुंबई-नागपूर लोहमार्गाने शेगाव मागे टाकावे आणि पारसच्या स्टेशनावर उतरावे. वीजकेंद्राच्या उंच चिमण्या लांबूनच दिसतात. तेथून दक्षिणेला थोड्याच अंतरावर बाळापूर. अकोल्याहून मोटारीने आलात तर पाऊण तासात पोहोचता. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर गाव वसले आहे, आणि दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर किल्ला उभा आहे. पूर्वीच्या पावसाळ्यांत या किल्ल्याला एक बाजू सोडली तर चहूकडून पाण्याचा वेढा पडत असे. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने किल्ल्याची सुरुवात केली आणि एलिचपूरच्या इस्माईलखान नबाबाने १७५७ साली तो पुरा केला, असे सांगतात. त्याआधी, १७२० साली, याच परिसरात निजाम-उल्-मुल्काने आलमअलीखानाचा पराभव केला आणि दख्खनेत निजामशाहीचा पाया घातला. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकात बाळापूर येते ते तलवारीच्या खणखणाटासह.

गावाला नाव मात्र कुणा शहाजाद्याचे नाही. ते मिळाले बाळादेवीवरून. किल्ल्याच्या पायथ्याशी तिचे देऊळ आहे. शहाजादे आले आणि गेले, सुभेदार आले आणि गेले; नाव राहिले ते या बालरूप देवीचे. नवरात्रात खेड्यापाड्यांतून बायका तिच्या दर्शनाला येतात. त्यांतल्या कित्येकींच्या टाचांच्या भेगांत काळी माती असते, आणि ती माती उत्तरेकडची असते.

गावाजवळ नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगाने बांधलेली दगडी छत्री आहे. पुरंदरच्या तहामुळे हे नाव मराठी माणसाला चांगलेच परिचयाचे. छत्रीच्या सावलीत बसले की एक गंमत ध्यानात येते. या राजाच्या राजस्थानात पावसाचा थेंब न् थेंब टाक्यात साठवून वर्ष काढण्याची विद्या घरोघरच्या बायकांना अवगत. इथून चार-पाच कोसांवर सुरू होणाऱ्या मुलखालाही नेमकी तीच विद्या हवी होती. राजाने छत्री बांधली. टाके बांधायचे राहून गेले!

बाळापुराहून उत्तरेला निघावे. निंबा, अंदुरा, उरळ, हाता, लोहारा अशी गावे लागतात. जमीन परातीसारखी सपाट. दूर क्षितिजावर सातपुड्याची निळी रेघ, आणि मध्ये कुठेतरी खोल दरडींतून वाहणारी पूर्णा. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगररांगा यांच्यामधल्या या खोलगट खोऱ्यात शेकडो फूट जाडीचा गाळ साचला आहे. खालच्या पाण्यात क्षार मुरलेले, आणि वरची चिकण माती पाण्याचा निचरा होऊ देत नाही. हाच तो खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. २०१८ साली सुरू झालेल्या सरकारच्या कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णेच्या खोऱ्यातली अशी ९३२ गावे घेतली गेली, यावरून त्याचा विस्तार कळावा. अकोल्याला वर्षाकाठी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस होतो. जेसलमेरला त्याचा चौथा हिस्साही होत नाही. पण जेसलमेरच्या माणसाला पाणी नाही म्हणून तहान, आणि येथल्या माणसाला पाणी असून तहान.

एके काळी दहीहंड्याच्या बाजूला लोक विहिरींतले पाणी उपसून त्याचे मीठ करीत. पुढे तो धंदा बंद पडला. खारेपण मात्र राहिले, आणि ते आले बायकांच्या वाट्याला. पुरुषाचा या पाण्याशी संबंध तांब्यापुरता. तुरीची डाळ शिजवायची कुणी? बाईने. साबणाला फेस येत नाही, कपडे वाळले की पापडासारखे कडक होतात, भांड्यांवर पांढरे पुट चढते, आणि दूध घातले की चहा फाटायची भीती. या साऱ्यांशी रोज झगडायचे ते तिनेच.

पण झगडता झगडता तिने एक शास्त्र तयार केले. घरात दोन रांजण: एक खाऱ्याचा, एक गोड्याचा. खाऱ्याने अंगण सारवायचे, जनावरांचे आणि धुण्याचे भागवायचे. गोडे पाणी फक्त पिण्याला, डाळीला आणि लहान लेकराच्या अंघोळीला. डाळ धुतलेले पाणी फेकायचे नाही, ते भाजीला. ज्या वाणाला फार शिजवावे लागत नाही त्याच्यावर स्वयंपाकाचा भर: ज्वारीची किंवा कळण्याची भाकर, झुणका, ठेचा, अंबाडीची भाजी. उन्हाळ्यात करून ठेवलेल्या खारोड्या आणि सांडगे अडल्या दिवशी कामाला येतात. धाब्याच्या घरांच्या माळवदावर मृगाआधी हीच खारी माती पसरून चोपतात. पाण्याला नाठाळ असलेली ती माती छपरावर गेली की पावसाला आत येऊ देत नाही. ज्याने छळले त्यालाच राबायला लावणे याहून मोठी हुशारी कोणती?

निंब्याच्या बाजूच्या एका खेड्यात एका ओसरीवर तीन पिढ्या बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातली आजी, तिची सून आणि अकोल्याला कॉलेजात जाणारी नात. मी पाण्याचा विषय काढला तशी आजी हसली. म्हणाली, “पानी तं लय हाये भाऊ, पन पेवाचं नाई!” लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा गोडे पाणी म्हणजे नदीच्या वाळूतला झिरा. उन्हाळ्यात वाळू हातभर उकरायची, झिरपणारे पाणी वाटीवाटीने घागरीत भरायचे. एक घागर भरायला इतका वेळ लागे की बायका रात्रीच जाऊन नंबर लावीत. तिथेच सुखदुःखे बोलली जात, भुलाबाईची गाणी नव्या सुनांना तिथेच पाठ होत. १९७२ च्या दुष्काळात दिवसा खडी फोडायची आणि रात्री झिऱ्यावर बसायचे, असा तिचा दिनक्रम. “झोपत कधी होता?” असे विचारले तर ती सुनेकडे पाहून पुन्हा हसली. त्या प्रश्नाला उत्तर नव्हते.

या मुलखात सोयरीक जमवताना मुलीचा बाप शेती किती हे मागाहून विचारतो. आधी विचारतो, गावाला पाणी कोणते? खारपाणात मुलगी द्यायची म्हणजे तिच्या डोक्यावर घागर द्यायची, हे त्याला ठाऊक असते. आजीच्या वेळी बाप विचारीत नव्हते, सुनेच्या वेळी विचारू लागले, आणि आता मुलीच विचारतात. कित्येक घरांत चांगली जमीन असूनही मुलाचे लग्न खोळंबले आहे. शेतीभाती, घरदार सारे असून केवळ पाण्यापायी गावाला सून मिळू नये, ही गोष्ट ऐकायला सोपी, पण त्या आईच्या तोंडून ऐकवत नाही.

पूर्णेच्या खोऱ्याला एकट्या बायकांनी संसार ओढण्याची सवय जुनीच. १८७६ साली जन्मलेल्या डेबूजीला घेऊन त्याची विधवा आई सखूबाई याच खोऱ्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. गुरे राखता राखता वाढलेले ते पोर पुढे गाडगेबाबा म्हणून महाराष्ट्राने ओळखले. ऋणमोचनच्या यात्रेत त्यांनी पूर्णेवर लोकांसाठी घाट बांधला, याचे नवल वाटायला नको. नदीत उतरणाऱ्या बायकांचे पाय निसरड्या चिखलात कसे रुततात, हे लहानपणी पाहिल्यावाचून कसे राहील?

सुनेची पिढी आली ती नळयोजनांच्या काळात. सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणाचे पाणी अकोट-तेल्हाऱ्याकडच्या चौऱ्याऐंशी खेड्यांना, काटेपूर्णेचे पाणी अकोल्याकडच्या चौसष्ट खेड्यांना, अशा योजना झाल्या. खेड्यांच्या संख्येवरूनच त्या ओळखल्या जातात. पण नळ आला म्हणजे पाणी रोज येते असे नाही. चार-आठ दिवसांनी पाणी सुटते, आणि मग पिंपे, घागरी, कळश्या, बादल्या, जे हाताला लागेल ते भरले जाते. मधल्या दिवसांत जारचे पाणी विकत. पूर्वी बाईच्या मानेवर असलेला भार आता तिच्या पदराच्या गाठीवर आला, एवढेच.

बाळापूर आणि अकोला तालुक्यांतल्या एकोणसत्तर गावांसाठी वान धरणातूनच योजना आखली गेली, तेव्हा तेल्हारा-अकोटच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. आमच्या ओलिताचे पाणी जाईल, हे त्यांचे म्हणणे. योजनेला स्थगिती मिळाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख खारे पाणी बरोबर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले, आणि वर्तमानपत्रांतून खारपाणाचे नाव घरोघर पोहोचले. या वादात कुणाला वाईट ठरवावे? धरणाखालची बाईही शेताच्या ओलितावरच लेकरांचे शिक्षण करते, आणि पूर्णेकाठची बाई त्याच पाण्यावर डाळ शिजवू पाहते. दोघी एकाच जिल्ह्याच्या लेकी, कदाचित एकमेकींच्या नात्यातल्याही. पाणी थोडे पडले की भांडण शेजारणींतच लागते.

नातीचे बोलणे मात्र निराळे. तिच्या काकाने शेतात शेततळे खोदले आहे. पावसाचे गोडे पाणी खाली मुरू द्यायचे नाही, वरच साठवायचे, आणि हरभऱ्याला एक-दोन पाणी द्यायचे. पूर्वी जमिनीतल्या ओलीवर जेवढा येईल तेवढाच हरभरा. आता थोडा भरवसा. विहीर खोदून या भूमीत सुख नाही, आभाळाकडेच हात पसरावा लागतो, हे राजस्थानी शहाणपण अखेर येथेही पोहोचले. “मग तू या गावात लग्न करून राहशील का?” असे मी सहज विचारले. ती म्हणाली, “घरावर टाकं बांधून देत असतीन, तं राहीन!” आजीने कपाळाला हात लावला, सुनेने मात्र मान डोलावली. तीन पिढ्यांतले अंतर त्या एका वाक्यात होते. आजीने जे नशीब म्हणून उचलले, सुनेने जे विकत घेतले, ते नात अट म्हणून मांडत होती.

आखाजीच्या दिवशी वऱ्हाडात पितरांच्या नावाने घागर भरतात. खारपाणातली बाई ती घागर गोड्या पाण्याचीच भरते. त्या दिवशी घरात एकच कळशी शिल्लक असली तरी. ज्या सासवांनी आणि आजेसासवांनी जन्मभर वाळू उकरली, त्यांना मेल्यावर तरी खारे पाजायचे नाही, हा तिचा हिशेब आहे.

आणि वाचकहो, दिवाळीचा हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा आपल्या घरी अभ्यंगस्नानाचे बंब तापत असतील. पूर्णेकाठच्या त्या घरांतही उटणे भिजेल, पणत्या लागतील. चुलीवर हंडा चढेल तो खाऱ्या पाण्याचा, आणि लेकराला न्हाऊ घालताना आई शेवटचा एक तांब्या वरून ओतील, तो गोड्या पाण्याचा. तो तांब्या तिने आठवडाभर झाकून ठेवलेला असेल.