पुस्तक काय बाई आहे?

माझी भाची सहावीत, इंग्रजी माध्यमात. नाउनचे प्रकार तिला पाठ आहेत: प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट. मराठीत मुख्य तीनच, सामान्यनाम, विशेषनाम, भाववाचक नाम. "आत्या, म्हणजे आपल्याकडे दोन कमी?" कमी कशाला असतील? सोनं आणि कळप आपल्या सामान्यनामातच बसतात.

शब्दांच्या जाती मात्र दोन्हीकडे आठ आणि हा योगायोग नव्हे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं. आपली आठाची मांडणी इंग्रजीच्या वळणाची. त्याच्या कितीतरी आधी यास्कांनी निरुक्तात चारच सांगितल्या होत्या: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात.

खरी गंमत नाम वाक्यात गेल्यावर कळते. इंग्रजीत 'ऑन' पुढे येऊन उभा राहतो आणि टेबल जागचं हलत नाही. मराठीत 'वर' मागून चिकटतो आणि टेबलाचं आधी 'टेबला' करतो. परका शब्द असला तरी सुटका नाही.

आणि लिंग! आमच्या इंदूरच्या घरांत सगळं इथेच अडतं. भाची म्हणते, "माझी पुस्तक कुठे आहे?" आई लगेच, "पुस्तक काय बाई आहे?" पोरीचा दोष नाही. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगीच. हिंदीत लिंगं दोन, आणि इंग्रजी निर्जीव वस्तूला लिंग विचारतच नाही, 'इट' म्हणून मोकळी होते. नपुंसकलिंग तिच्या कानावर पडतं ते फक्त घरात. आम्हीच घाईत "मेरी बुक दे" म्हणालो, तर 'माझं' तिला कोण देणार? शाळा नाही, शेजार नाही, मोबाइल तर नाहीच.

म्हणून मी तिला सांगितलं, नाउनच्या वहीत प्रत्येक शब्दापुढे तो, ती, ते लिही. दही 'ते', घर 'ते', तिकीट 'ते'. बस 'ती', ट्रक 'तो'. पहिल्या दिवशी टेबल 'ती' झालं, अ‍ॅपसुद्धा. आजीला विचारून तिने खोडून 'ते' केलं. आता ती आजीलाच पकडते, "आजी, चार्जर सापडला, सापडलं नाही!"

फक्त पेनाचं भांडण मिटलेलं नाही. आई म्हणते 'ते', वहिनी म्हणते 'तो', आणि दोन्ही मराठीत चालतात. भाचीने वहीत दोन्ही लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय.